सरळ कापलेला मात्येदादा

पिट्सबर्ग, ऑक्टोबर १९६९

आदरणीय व्हेरोनाताई,

धाकट्या एमिलचा वाकून नमस्कार. (वाकता येत नाही, पण वाकलो असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींनी अकॉर्डियन पुन्हा हातात घेतल्याचं कळलं. शेजाऱ्यांच्या तब्येतीही कळव. मी ठीक आहे. बटाट्याच्या उकडलेल्या हालुश्की अजूनही माझ्या हातून गोळा होऊनच निघतात, तरी पोटाने तक्रार करणं सोडून दिलंय.

ताई, माझ्या हातून एक गाढवपणा झाला आहे. तू मला दिलेलं मात्येदादाचं कार्ड आठवतं ना? बाबांच्या छापखान्यात सिगारेटच्या पाकिटांसाठी बेसबॉलपटूंची कार्डं छापत. एका खेळाडूचा फोटो वेळेवर आला नाही, म्हणून रंग जुळवून बघायला बाबांनी छपाईच्या दगडावर आपल्या दादालाच त्याच्या पोलादाच्या गिरणीच्या संघाची टोपी घालून चढवला. चाचणीचं एकच प्रूफ निघालं, मग खरा फोटो आला आणि दादाला दगडावरून घासून काढलं. पुढच्या वर्षी तर दादा गिरणीच्या भट्टीत पडूनच गेला. घरातले बाकीचे फोटो पुराने नेले. तेव्हा तू म्हणालीस, “तू ठेव रे, मला तो आठवतो. तुला आठवायला काहीतरी हवं.”

बाबांनी ते प्रूफ आईच्या शिवणाच्या कात्रीने कापलं होतं. डावी कड नागमोडी, उजवी तिरकी, खाली बोटभर समास. मी चाळीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात कटिंग मशीनवर काढलेला माणूस. वाकडी कड दिसली की माझ्या दाढा शिवशिवतात. त्यात चर्चच्या तळघरात भरणाऱ्या जुन्या कार्डांच्या मंडळात मला कार्ड दाखवायला बोलावलं. चारचौघांत दादाला असं गबाळं कसं न्यायचं? म्हणून सकाळी कारखान्यात गेलो, माझ्या जागेवरच्या लायोशला बाजूला सारलं आणि चार वेळा पातं खाली आणलं. इतकं काटकोनात कापलं, की लायोश म्हणाला, “एमिलकाका, हात अजून हललेला नाही बरं का!” मी फुशारून थेट तळघर गाठलं.

मंडळाचे जाणकार व्हिटकोंबसाहेब (भिंग गळ्यात असतं, चष्मा मात्र नेहमी घरी विसरतात) यांनी कार्ड उलटसुलट केलं आणि कपाळावर हात मारला. “अहो, प्रूफ कधी सरळ असतं का? कोपऱ्यातल्या रंग जुळवायच्या फुल्या कुठायत? समास कुठाय? ज्याने छापलं त्यानेच कात्रीने कापलेलं असतं ते. वाकडी कड हीच त्याची ओळख! हे तर कालच छापल्यासारखं केलंत तुम्ही.” मग हा खेळाडू सिनसिनाटीच्या संघाचा की सेंट लुईसच्या, यावर मंडळातल्या दोघांची जुंपली. मी म्हटलं, हा माझा भाऊ आहे. त्यावर सगळे हसले. एकजण म्हणाला, “मग काय, माझी आत्या यांकी संघाची पिचर होती!” मीही हसलो, ताई. तिथे दुसरं काय करणार? त्याची मला अजून लाज वाटते.

तसाच कारखान्यात परत गेलो. लायोश आणि मी कातरणाच्या ढिगात कमरेपर्यंत उतरलो. हजारो पट्ट्या निघाल्या, एकजात सरळ, एकही नागमोडी नाही. सकाळचा गठ्ठा दुपारीच लगद्याला गेला होता. लायोश बिचारा म्हणाला, “चेहरा तर शाबूत आहे ना, काका?” चेहरा शाबूत आहे. पण कार्डाभोवती बाबांचा हात होता, तो मी माझ्या हाताने कापून टाकला. रागाव, ताई. मी ऐकून घेईन.

तुझा, गाढव पण काटकोनी,
एमिल

ता. क. १: कार्डाला चौकट करून घेतली. अगदी बरोब्बर बसलं. फारच वाईट वाटलं.

ता. क. २: खरं सांगायचं ते इथे सांगतो. खालच्या समासात बाबांनी रंगवाल्यासाठी पेन्सिलीने दुरुस्तीचे दोन शब्द लिहिले होते आणि तिथून दादाच्या डोळ्यांकडे एक बाण काढला होता. बाबांचं ते किरटं स्लोव्हाक अक्षर मला कधीच वाचता आलं नाही. तुला विचारू, तुला विचारू म्हणत पन्नास वर्षं गेली. कार्डावर डोळे निळे आहेत. म्हणजे निळे नव्हते, एवढंच त्या बाणावरून कळतं. दादा गेला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मी त्याच्या खांद्यावर बसायचो हे आठवतं, आणि खांद्यावरून डोळे दिसत नाहीत. ताई, कोणत्या रंगाचे होते ते? आता तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. उलट टपाली कळव.