भागूबाईचे मार्क

४ मार्च

चि. चोंबडीस अनेक उत्तम आशीर्वाद, आणि पत्राला उशीर केल्याबद्दल एक धपाटा.

तिसरं सलाईन पार पडलं. गाठ आक्रसते आहे म्हणून डॉक्टरीणबाई खूश आहेत. केस गेले, पण तुझे काका म्हणतात की माझं डोकं मुळात छान गोल आहे आणि हे त्यांना इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. संसारात नवं काही सापडलं म्हणून बिचारे आनंदात आहेत. सलाईननंतर एकदोन दिवस अंथरूण धरते, मग दुकानात जाऊन बसते. रफूचं बारीक काम सध्या मदतनीस बाई करते, मी नुसती नजर ठेवते. डोळे दमतात गं. घरातल्या कपांनी मात्र वैताग आणलाय. हल्ली कप इतके गुळगुळीत करतात की हातात म्हणून राहत नाहीत. काकांनी आता जाडजूड कानाचे आणलेत.

वॉर्डात नर्सिंग शिकणारी एक मुलगी माझ्या वाट्याला आली आहे. भयंकर भित्री, म्हणून मी तिचं नाव भागूबाई ठेवलंय. प्रत्येक सलाईनच्या आधी ती खुर्ची ओढून बसते आणि खाली मान घालून विचारते की भूक लागते का, झोप येते का, मळमळतं का, कुठे दुखतं का, हातापायांना मुंग्या येतात का. मागे तिच्या शिकवणाऱ्या बाई हाताची घडी घालून उभ्या. मग मी सगळं झकास आहे म्हणून ठणकावून सांगते. तिला मार्क नकोत का चांगले पडायला? असली पेशंट मिळायला नशीब लागतं.

तुझं कसं चाललंय? लहानपणी प्रश्न विचारून विचारून आमचा जीव खायचीस, आता त्याचाच पगार घेतेस, याचं मला फार कौतुक वाटतं.

लोभ आहेच, तो जरा कागदावरही दिसू दे.

तुझी आत्या


१२ मार्च

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. गाठ आक्रसते आहे हे वाचून मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना कॉफी पाजली. काकांना सांग, त्यांच्या शोधाबद्दल अभिनंदन.

माझ्या वर्गाचं काय विचारतेस! आमच्या नर्सिंग कॉलेजातल्या एका खोलीत आम्ही पलंग, पडदा आणि सलाईनचा स्टँड मांडून ठेवलाय. विद्यार्थ्यांपैकी एक जण पेशंट होऊन झोपतो, बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. झोपणाऱ्याला हसू आवरत नाही आणि विचारणाऱ्याला पुढचा प्रश्न आठवत नाही. माझ्या संशोधनाचा विषयही त्याला लागूनच आहे. कॅन्सरचे पेशंट जेवढं सोसतात त्याच्या निम्मंसुद्धा सांगत नाहीत. ते का, आणि त्यांना बोलतं कसं करायचं, हे मला मुलांना शिकवायचंय.

त्यासाठी तुझी मदत हवी आहे. मला वर्गासाठी एक खोटी बाई घडवून दे. सलाईनमधल्या औषधाने तिच्या बोटांची जाणीव कमी होत चालली आहे, पण ती कोणाला पत्ता लागू देत नाही. वेळेवर सांगितलं तर डॉक्टर औषध थांबवून टाकत नाहीत, बेतात आणतात किंवा बदलतात, आणि बोटं बऱ्याचदा सुधारतात. लपवून ठेवलं तर कायमची तशीच राहू शकतात. हे त्या बाईला माहीत नाही. तर दिवसभर ती काय काय युक्त्या लढवत असेल? आपल्या घरात बेमालूम थापा मारण्यात तुझा हात कोणी धरत नाही, म्हणून तुलाच विचारते.

उत्तराची वाट बघते आहे. प्रेम असू दे, आणि थोडी घाई कर.

तुझी चोंबडी


२० मार्च

चि. चोंबडीस आशीर्वाद.

घे तुझी बाई. ती बटणाचे झगे कपाटात मागे सारते आणि डोक्यातून घालायचे पुढे काढते. घालावाच लागला तर नवऱ्यासमोर लाडाने उभी राहते, म्हणजे बटणं तो लावतो. सुट्टी नाणी पाकिटातून वेचता येत नाहीत, म्हणून दुकानदारापुढे पाकीटच धरते आणि चष्मा विसरल्याचं सांगते. भाजी चिरायची वेळ आली की नेमका तिला फोन येतो. दुकानात कोणी कापडाचा पोत विचारला, तर हात न लावता लांबूनच छान आहे म्हणते. चपला बदलून सँडल घेते, कारण चपला पायातून कधी निसटतात ते तिला कळत नाही.

इथवर एका दमात लिहिलं. इतकं फक्कड जमलं की तुझ्या काकांना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता शाबासकी देतील. त्यांनी हळू आवाजात एवढंच विचारलं की हे कधीपासून. मी हसून उडवायला गेले, पण ते हसेनात. म्हणाले, त्यांना वाटत होतं की आजारपणात मला त्यांच्याकडून लाड करून घ्यावेसे वाटतात. रोज सकाळी बटणं लावताना त्यांना बरं वाटायचं.

मला फार रडू आलं गं.

दुसऱ्या सलाईननंतर सुरू झालं. बोटांवर कोणी जाड कापड गुंडाळावं तसं वाटतं. सांगितलं तर औषध बंद करतील आणि गाठ पुन्हा डोकं वर काढेल, म्हणून गप्प बसले. जीव वाचला तर बोटं गेली तरी चालतील, असा हिशेब केला होता. पण खरं सांगू, चालणार नाही. उसवलेलं कापड हातात आलं की धागा कुठून न्यायचा ते मला बोटं सांगतात, डोळे नाही. ती बोटं गेली तर मी दुकानात नुसती बसून काय करू?

कोणाला सांगू नकोस. माया असू दे.

आत्या


२४ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

कपांचं वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. वर्गासाठी बाई हवी होती हे खरं, पण तुलाच का विचारलं ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. सरळ विचारलं असतं तर तू मलाही झकास म्हणून ठणकावलं असतंस. चिडली असलीस तर चीड, मी ऐकून घेईन.

डॉक्टरीणबाईंना मी आत्ता फोन करू शकते. पण बोटं तुझी आहेत, तूच सांगावंस असं मला वाटतं. मात्र पुढच्या सलाईनच्या आधी. त्या दिवशी दुपारपर्यंत तुझा निरोप आला नाही, तर मी फोन करणार.

आणखी एक. भागूबाईला मार्क पेशंट किती बरा आहे यावर मिळत नाहीत, त्याच्याकडून तिने किती काढून घेतलं यावर मिळतात. तू इतके दिवस तिला पास करत नव्हतीस, आत्याबाई. नापास करत होतीस!

काळजीत आहे. लोभ तर आहेच.

चोंबडी


३ एप्रिल

चि. चोंबडीस आशीर्वाद.

माझा निरोप तुला मिळालाच आहे, तरी सविस्तर लिहिते. भागूबाईने मुंग्यांचं विचारलं आणि मी हो म्हटलं. पोरगी इतकी दचकली की तिने पहिल्यांदाच माझ्याकडे मान वर करून बघितलं. मागच्या बाई पुढे आल्या, तर हिने हाताने त्यांना थांबा अशी खूण केली. या भित्र्या मुलीने! मग घरात काय काय करता येत नाही ते एकेक विचारलं. मला डोळे मिटायला लावून कापसाने बोटांना स्पर्श केला आणि कुठलं बोट ते ओळखायला सांगितलं. मी चुकत होते. ती उठली आणि डॉक्टरीणबाईंकडे अक्षरशः धावत गेली.

त्या दिवशीचं सलाईन पुढे ढकललं. आता औषध कमी करून देणार आहेत, पण देणार आहेत. डॉक्टरीणबाईंनी मला चांगलं फैलावर घेतलं. बोटं किती सुधारतील याची हमी देता येत नाही म्हणाल्या. मी भागूबाईची माफी मागितली, तर तीच माझा हात धरून बसली. तिच्या हाताची ऊब मला लागली नाही. ते मी तिला सांगितलं. आता सगळंच सांगते.

तुझ्यावर दोन दिवस चिडले होते. तिसऱ्या दिवशी विसरले. माया आहे तेवढीच आहे.

आत्या


१८ सप्टेंबर

चि. चोंबडीस अनेक उत्तम आशीर्वाद.

शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. केस उगवताहेत, त्यामुळे काकांचा शोध हळूहळू झाकला जातोय. पायाची बोटं बरीच जागी झालीत. हाताची करंगळी मात्र अजून परगावीच आहे. भागूबाई परीक्षा पास झाली आणि आमच्याच वॉर्डात लागली. नव्या मुलींना शिकवताना ती मला बोलावते आणि मी त्यांच्याशी बेमालूम खोटं बोलते. बहुतेकींना पकडता येत नाही. तुझ्या वर्गातही ये म्हणालीस तर येईन.

आता खरी बातमी. काल दुकानात मदतनीस बाई आली नव्हती. एका गिऱ्हाइकाचा कोट अडला होता, म्हणून मीच बसले. काम सावकाश चाललं होतं. बोलता बोलता नजर हलली आणि सुई अंगठ्यात घुसली. मी आई गं म्हणून ओरडले. गिऱ्हाईक घाबरलं, काका मागच्या खोलीतून धावत आले. बघतात तर मी अंगठा धरून हसते आहे आणि रडतेही आहे. त्यांच्या लगेच लक्षात आलं. ते तिथेच स्टुलावर बसले आणि गिऱ्हाइकासमोर डोळे पुसायला लागले.

मग भागूबाईला फोन केला आणि दुखतंय म्हणून कळवलं. तिने सवयीप्रमाणे विचारलं की शून्य ते दहामध्ये किती. मी म्हटलं, सुरेख दुखतंय. हे कुठे लिहायचं ते तिला कळेना. तूच सांग तिला.

लोभ असाच राहू दे, आणि प्रश्नही चालू ठेव.

तुझी आत्या