काटोची सही

४ मे
गिऱ्हाईक आलं. लुबवामा नाव. मुद्दाम भर पावसात आला—पाणी कुठे तुंबतं ते बघायला! भिंतींवर टिचक्या मारल्या, शेजाऱ्यांकडे माझी चौकशी केली. घर घेतोय की सोयरीक जमवतोय? पण माणूस हुशार. घर असंच घ्यावं.

जाताना विचारलं, "आवारात कुणाला पुरलंय का?" नवऱ्याला त्याच्या गावी पुरलंय, भावांशेजारी. म्हटलं, नाही.

माझ्या वास्वानेच बजावलं होतं. "आई, तो विषय काढू नकोस. थडगं म्हटलं की गिऱ्हाईक पळतं." त्याला मला कंपालात स्वतःजवळ न्यायचंय. गुडघे गेलेत माझे, खरंय.

५ मे
जेवण गेलं नाही.

९ मे
आज हद्द दाखवली. गावचा अध्यक्ष, शेजारीपाजारी, सगळे कडेकडेने चालले. शेजारची नबुकेन्या म्हणाली, "नालोंगो, सावकाश गं. गुडघा सांभाळ."

लुबवामा थबकला. "नालोंगो? म्हणजे जुळ्यांची आई तुम्ही. मग दुसरा कुठंय?"

गावाला ठाऊक. नबुकेन्या वाकून गवत उपटू लागली. माझ्याच तोंडून गेलं, "काटो दुबईला असतो. गाडी चालवतो."

आठ दिवसांचा असताना गेला तो. स्वयंपाकघरामागच्या केळीखाली आहे, पस्तीस वर्षं. पण ते बोलताना—देवा, किती बरं वाटलं!

"मग त्याचीही सही लागेल," लुबवामा म्हणाला. "उद्या येऊन म्हणायचा, मला विचारलंच नाही. सगळ्या मुलांच्या सह्या असल्या तरच मी घर घेतो."

१० मे
वास्वा म्हणतो, "त्याची सही मी करतो. कोण बघतंय?"

रडले. काटोचं नाव कधी कुठल्या कागदावर आलं नाही. आणि आता येणार ते असं?

११ मे
लुबवामाला सगळं सांगून टाकलं. रागावला नाही. टोपी काढून खाली बसला. "कुळातल्या वडीलधाऱ्यांना बोलवा. रीतीने काढू, नवऱ्याशेजारी ठेवा त्याला. मग व्यवहार."

गुंडाळायला रीतीप्रमाणे झाडाच्या सालीचं कापड आणलं, हातभर. तेवढं पुरेल त्याला.

१६ मे
कमरेइतकं खणलं. मग छातीइतकं. नुसती लाल माती. "आई, नक्की इथंच का?" वास्वाने दोनदा विचारलं. मीच तर ठेवलं होतं त्याला. एवढीशी हाडं, पस्तीस वर्षांत मातीच झाली. कापडाची घडीसुद्धा मोडली नाही.

"मग आता अडचण नाही," लुबवामा हळूच म्हणाला.

सही केली मी.