मधमाशी वारते

१७ सप्टेंबर

प्रिय वायवा,

अक्षरावरून ओळखलंच असशील कोणाचं पत्र ते. पंधरा वर्षं नाताळच्या कार्डावर "सर्व ठीक" एवढंच लिहिणारी बाई चार पानं लिहायला बसते, म्हणजे एक तर तिला वेड लागलंय, नाहीतर तिला काहीतरी मागायचंय. वेड लागलेलं नाही. मला तू इथे यायला हवी आहेस, याच महिन्यात, हिवाळ्यासाठी मधमाश्यांच्या पेट्या बंद व्हायच्या आत. का ते सांगते, पण माझ्या क्रमाने सांगते. मधेच फाडून टाकायचं नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर मला खोटं बोलता येतं, कागदावर जमत नाही.

पोरगी परवा सुखरूप पोहोचली असेल. आली तेव्हा काडी होती, दहा दिवसांत दोन किलो वाढवून पाठवली आहे, वजनकाट्यावर उभी करून बघ. स्मिल्ते चालते तुझ्यासारखी, जेवते बापासारखी, आर्वीदाससारखी आणि वाद घालते माझ्यासारखी, म्हणजे तिचं काही वाईट होणार नाही. सकाळी धुकं असताना अळंबी शोधायला न्यायचे, तर गमबूट घालून माझ्या पुढे पुढे. पहिल्या दिवशी टोपलीभर विषारी अळंबी आणलीन आणि वर मलाच विचारते, आजी, सुंदर नाहीत का? सुंदर तर खरीच होती. तिसऱ्या दिवसापर्यंत शिकली. बटाटे काढायला लागली तेव्हा पाठ धरली, पण तोंडातून हूं की चूं नाही. ते वळण तुझंच.

आता खरी गोष्ट. वारेनाच्या बसस्टँडवर मी आणि शेजारची ब्रोने तिला आणायला गेलो. ब्रोने अजून गाडी चालवते, त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि रस्त्यावरचे बाकीचे लोक स्वतःला सांभाळतात. बस थांबली, पोरगी उतरली, माझ्या गळ्यात पडली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "आजी, माझा फोन वारला!" मी क्रूसाची खूण केली आणि विचारलं, कोण गं, कोण वारलं? तर ती तो काळा फोन नाचवून दाखवते. बॅटरी संपली होती. ब्रोने म्हणाली, "देव त्याच्या आत्म्याला शांती देवो," आणि सामान डिकीत टाकलं.

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. वाटेत ब्रोनेची गाडी चढावर बंद पडली, तर मागून आवाज, "ब्रोनेआजी, गाडी वारली का?" ब्रोने उसळली, "अगं मेले, गाडी मला खांदा देणार आहे अजून!" घरी आलो तर खिडकीत कोळी वारलेला. दुसऱ्या दिवशी मी कोंबडीचा रस्सा केला. पोरगी ताटाकडे बघून हळूच विचारते, "आजी, ही कधी वारली?" ब्रोनेच्या तोंडातला घास नाकात गेला. पाठीत बुक्के घालावे लागले. मग श्वास आल्यावर म्हणते कशी, "लुद्विका, तुझी नात फार थोर घराण्यातली दिसते. तिच्याकडे कोंबडीसुद्धा वारते. आमच्याकडे माझा नवराही नुसता मेला." मी इतकी हसले की एप्रनने डोळे पुसले.

ब्रोने गेल्यावर पोरीला चुलीशी बसवलं आणि नीट शिकवलं. म्हटलं, बाळ, आपल्या भाषेत कुत्रा मरतो, गाय मरते, डुक्कर मरतं, कोंबडी तर मरतेच. फोन तर धड मरतही नाही, बंद पडतो. वारतं ते माणूस. आणि माणसाखेरीज या जगात एकच जीव वारतो, तो म्हणजे मधमाशी. ती मान हलवत होती. मग म्हणाली, "पण आजी, मला तर या सगळ्यासाठी हा एकच शब्द येतो. आईकडून हाच ऐकला." मी म्हटलं, नॉर्वेत बसून तुझी आई मरणाच्या गोष्टी करते का रोज? तर म्हणाली, "नाही गं. आमच्याकडे आपल्या भाषेत असं बोलणं होतच नाही. फक्त दोन नोव्हेंबरला, वारलेल्यांच्या दिवशी. आई खिडकीत तीन मेणबत्त्या लावते. एक तिच्या बाबांची, एक फेलिक्सास आजोबांची. आणि तिसरी लावताना दर वर्षी म्हणते, ही माश्यांची, सात पेट्या वारल्या होत्या."

वायवा, मी उठले आणि उगाच चुलीत लाकूड घातलं. चुलीला लाकडाची गरज नव्हती.

तुला आठवतं ना, तू माझी सून व्हायच्या कितीतरी आधीपासून माझी बिचूले, मधाची सोयरी, होतीस. तुझ्या वडिलांच्या पेटीतून उडालेला थवा आमच्या सफरचंदाच्या झाडावर येऊन बसला तेव्हा तू शाळेत जात होतीस. तुझे वडील तो परत मागायला आले नाहीत. काळा पाव आणि घरचं चीज घेऊन आले, तू त्यांच्या मागे उभी होतीस, दोन वेण्या आणि एक दात पडलेला. म्हणाले, माश्यांनी ठरवलं लुद्विका, आता आपण मधाचे सोयरे. माश्यांना मोल नाही आणि मधाची सोयरीक मोडत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. आर्वीदासशी तुझं का फाटलं ते तुम्ही दोघं जाणा, मी त्यात पडत नाही, माझा मुलगा मला माहीत आहे. पण कोर्टाच्या कागदाने सूनपण गेलं असेल, बिचूलेपण त्या कागदावर नव्हतं. ते मोडलं ते मी. एका शब्दाने.

पंधरा वर्षांपूर्वी, त्या फेब्रुवारीत, माझा फेलिक्सास आत अंथरुणाला खिळलेला, आणि पेट्या मी तुझ्यावर सोडलेल्या. तू दारात उभी राहिलीस, पापण्यांवर बर्फ, आणि म्हणालीस, आई, जंगलाकडच्या सातही पेट्यांतल्या माश्या वारल्या. आणि मी काय बोलले? "वारल्या म्हणू नकोस. तुझ्या हाताखाली होत्या, मेल्या म्हण." ब्रोने होती तिथे, आर्वीदास होता. आपल्याकडे असं माश्यांबद्दल दारुड्यासुद्धा बोलत नाही, आणि मी ते तुझ्या तोंडावर बोलले. तू कुदळ घेतलीस आणि सफरचंदाखालची गोठलेली जमीन दुपारभर खणत राहिलीस, माश्यांना पुरायला. मी खिडकीतून बघत होते. एकदाही बाहेर आले नाही. मार्चमध्ये फेलिक्सास गेला, मे महिन्यात तू चार वर्षांची पोर काखेत घेऊन नॉर्वेला, आर्वीदासच्या कामाच्या गावी निघून गेलीस. तो परत आला. तू आली नाहीस.

तरी मी हे पत्र लिहिलं नसतं. मी हट्टी आहे, तुला ठाऊक आहे. अजून पाच वर्षं "सर्व ठीक" लिहिलं असतं आणि ताठ मानेने कबरीत गेले असते. पण स्मिल्तेला मी पेट्यांवर नेलं. हेदरची झुडपं फुललीत, सगळं रान जांभळं झालंय, आणि माश्या शेवटची घाई करताहेत. पोरीने जाळी घातली नाही, धुराचं भांडं हातात धरलं आणि न घाबरता झाकण उचललं. मी म्हटलं, अगं बाई, हे तर रक्तात आहे, घरी आईबरोबर पेट्या सांभाळतेस का? तर म्हणाली, "नाही आजी. आमच्या शेजारी एक म्हातारे आहेत, ते आईला दर वसंतात एक पेटी देऊ करतात. आई नाहीच म्हणते. म्हणते, माझ्या हाताला यश नाही, माझ्या हाताखाली माश्या जगत नाहीत."

मी हातातली पोळ्याची चौकट पेटीत परत ठेवली. तोपर्यंत मला वाटत होतं, वायवा माझ्यावर रागावली आहे. रागाचं मला काही नाही. राग मी पचवते, नाहीतर परत देते. पण तू माझ्यावर रागावलेली नव्हतीसच. तू माझ्यावर विश्वास ठेवून बसली होतीस! तुझ्या वडिलांच्या अंगाखांद्यावर माश्या खेळायच्या, त्यांची तू मुलगी, आणि पंधरा वर्षं एका माणसाच्या खोट्यावर हात बांधून बसलीस. पोर आणखी सहा दिवस होती. मी धिरडी केली, मोजे विणून दिले, मधाची बरणी बांधून दिली आणि रोज ठरवलं की आज तिला सांगते. नाही सांगितलं. तिच्याआधी तुला कळायला हवं.

तर आता ऐक. त्या फेब्रुवारीच्या आदल्या सप्टेंबरात हेदरचा मध मी काढला. मध काढला की माश्यांना हिवाळ्यापुरता साखरेचा पाक द्यावा लागतो, तेही काम माझ्याकडेच होतं. जंगलाकडच्या सात पेट्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि फेलिक्सास अंगणात कोसळला. मी सगळं टाकून त्याच्यामागे इस्पितळात गेले. आठ दिवसांनी परतले तेव्हा तू विचारलंस, आई, त्या सातांना पाक दिलात ना? मी हो म्हणाले. विसरले म्हणायला काय झालं होतं मला? पण कालची पोर मला पेट्यांचं विचारते याचाच राग आला, आणि वाटलं, उद्या गुपचूप देऊन टाकीन. मग थंडी पडली, माश्या पाक उचलेनात. ऑक्टोबरात तू एक पेटी मागच्या बाजूने जराशी उचलून पाहिलीस आणि म्हणालीस, हलकी लागते हो आई. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तुझा हात बरोबर सांगत होता, वायवा. माश्या भुकेने वारल्या, आणि तू दारात आलीस तेव्हा ते माहीत असलेली त्या घरात मी एकटीच होते. चोराच्या मनात चांदणं, म्हणून तर तो शब्द एवढ्या जोरात बाहेर पडला. काल आर्वीदासला फोन करून हे सांगितलं. ब्रोनेला सांगितलं, तिने कप ठेवला आणि घरी गेली, अजून आलेली नाही. माफी मी मागत नाही, मागायला तोंड नाही. ये आणि मला हवं ते बोल, सगळं गाव गोळा करून बोल, मी अंगणात उभी राहून ऐकीन. आणि नाहीच आलीस, तरी एवढं कर. हे पत्र खाली ठेव, त्या म्हाताऱ्या शेजाऱ्याचं दार वाजव, आणि येत्या वसंतात पेटी घेते म्हणून सांग.

तुझीच,
लुद्विका