एकटीचं पद

शंकर नगर, रायपूर
७ जुलै २००२

ती. सौ. रमाताईस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं नसतं. फोन बैठकीत आहे आणि तिथं आमचे हे पेपर वाचायचं सोंग करून कान टवकारून बसलेले असतात. म्हणून पत्र.

आमचं मराठी मंडळ यंदा गणपतीत संगीत नाटक करतंय. रायपूर राजधानी झाल्यापासून नागपूर-वर्ध्याकडची बरीच मंडळी इथल्या ऑफिसांत आली, त्यामुळे मंडळाच्या अंगात बळ आलंय. नाटक बसवणारे प्रतापभैया सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरीला आहेत. नायिका म्हणून मंजिरी नावाची पोरगी मिळाली. बोलते हिंदीत, पण गाते अगदी शुद्ध मराठी. मला हवी होती तिच्या आत्याची भूमिका. आत्याला एकच पद आहे, पण ते एकटीचं. बावन्न वर्षांची झाले ग, एकटीनं कधी गायलेच नाही.

काल निवड होती. धीर यावा म्हणून आमच्या भजनी मंडळातल्या पाचही जणींना सोबत नेलं, तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. पेटीनं सूर दिला, मी पहिली ओळ म्हटली आणि वीस वर्षांच्या सवयीनं थांबले. मागून पाचही जणींनी तीच ओळ टाळ्या वाजवत म्हटली! सगळा हॉल हसला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. कलावतीला विचारलं तर म्हणे, तू थांबली काहून मग? आम्हाले वाटलं आता आमची पाळी.

प्रतापभैया हसून म्हणाले की काकू, आप सब मिलके नांदी म्हणा, बहोत बढिया होईल. मी हव म्हटलं आणि घरी आले. ह्यांनी चहा करून दिला, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळख. नांदी काही वाईट नाही, पण मन खट्टू झालंय.

भावजींना नमस्कार सांग. माझ्यावर आहे तेवढी माया असू दे, थोडी वाढली तरी चालेल.

तुझी,
पमी

अमरावती
१५ जुलै २००२

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की तुझे भावजी चष्मा शोधत आले. त्यांनाही वाचून दाखवलं. तुला राग आला तर येऊ दे.

पण मग हसू थांबलं. पमे, एक गोष्ट चाळीस वर्षं पोटात आहे. तू सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगला जोशीबाईंनी एकटीनं गायला तुला निवडलं होतं. तू तापानं घरी होतीस, म्हणून निरोप माझ्याजवळ दिला. मी तो दिलाच नाही. बाईंना सांगितलं की ती नको म्हणते. मी दोन वर्षांनी मोठी, आणि माझं नाव कोणी घेतलं नव्हतं, एवढंच कारण. पुढे तू समूहात मागं उभी राहिलीस आणि मी आईजवळ बसून टाळ्या वाजवल्या. माझं चुकलं.

आता नांदीला हो म्हणून गप्प बसू नकोस. त्या प्रतापभैयांकडे जा आणि पुन्हा ऐका म्हण. फार तर नाही म्हणतील. बायांना मात्र घरीच ठेव.

श्यामकांतरावांना नमस्कार. चिडलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी,
रमाताई

शंकर नगर, रायपूर
३० जुलै २००२

ती. सौ. रमाताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला, तो मुद्दाम. तुझं पत्र वाचून दोन दिवस मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. तुझ्यावर फार राग आला. तेरा वर्षांच्या पोट्टीनं काय बिघडवलं होतं तुझं? तिसऱ्या दिवशी त्याच रागाच्या भरात चपला घातल्या आणि प्रतापभैयांचं घर गाठलं. रविवार होता, ते अंघोळीला निघाले होते. मी म्हटलं, आधी माझं ऐका. बिचारे खांद्यावर टॉवेल टाकून तसेच बसले.

पेटी नव्हती. पहिली ओळ झाली आणि गळा सवयीनं थांबायला गेला. मागं कोणीच नव्हतं. पुढची ओळ मलाच म्हणावी लागणार होती. ती मी म्हटली, मग तिच्या पुढची. पद संपलं तेव्हा त्यांच्या आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक तशीच. प्रतापभैया म्हणाले की काकू, कल से रिहर्सल में आ जाना, आत्या तुम्हीच.

कलावतीला कळल्यावर ती दोन दिवस रुसली. आता नांदी तिच्या हाती दिली आहे, म्हणून खुशीत आहे. आमचे हे ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलेत.

ताई, राग पुरता गेला असं खोटं लिहीत नाही. पण गाताना तू मनात नव्हतीस, जोशीबाई नव्हत्या, कोणीच नव्हतं. आपला आवाज इतका मोठा आहे, हे मला माहीतच नव्हतं.

गणपतीत नक्की या. तुझी खुर्ची मी पहिल्या रांगेत राखून ठेवणार आहे. आईच्या शेजारी बसून वाजवल्यास ना, त्याहून जोरात टाळ्या वाजव.

तुझीच,
प्रमोदिनी