रक्ताची आडवाट

४ जानेवारी
आले एकदाची कुरासाव बेटावर! ओत्रोबांदा वस्तीतली खोली झकास आहे, खिडकीतून बंदर दिसतं. घरमालकीण एर्सिलिया, सगळे तिला मानानं शोन म्हणतात, म्हणून मीही. पहिल्याच जेवणाला बोकडाचं कालवण आणि मक्याच्या पिठाची फुंची इतकी वाढली की उठवेना. वर म्हणते, तुम्ही शेजारच्या बोनेअर बेटावरच्या पोरी नुसत्या काटकुळ्या! तिची मुलगी मिलुश्का सात महिन्यांची गरोदर, भारी हसरी. उशांचे अभ्रे मात्र सगळे गडद लाल. घरात सगळ्यांचाच घोळणा फुटतो, म्हणे. अंगातली उष्णता जाते, वाहू द्यायचं, थांबवायचं नाही. मी कपाळाला हात लावला. या बेटावरचं हे घराण्यातून उतरणारं दुखणं: धमनी मधलं बारीक जाळं टाळून थेट शिरेत घुसते. असल्या जोडण्या बुजवायलाच तर इस्पितळानं मला नेमलंय.

९ जानेवारी
मिलुश्काला जिना चढवेना, ओठ निळे. उजव्या फुप्फुसात करंगळीएवढी जोडणी! फुटली तर मायलेकरं दोघंही जातील. जांघेतल्या शिरेतून नळी नेली, तारेचं वेटोळं सोडलं, वाट बंद. शोन कुरकुरली, अडवलं की ते दुसरीकडून वाट काढतं, माझ्या बहिणीचं असंच झालं. मी म्हटलं, रक्ताला काय डोकं असतं? मिलुश्का म्हणाली, आईपेक्षा जास्तच असेल.

१३ जानेवारी
डाव्या फुप्फुसात नवी जोडणी. परवाच्या तपासणीत तिथं काही नव्हतं, मी स्वतः पाहिलंय. बुजवली.

१६ जानेवारी
आता यकृतात. पडद्यावर बघता बघता ती रक्तवाहिनी माझ्या नळीकडे वळली, वेल काठीकडे वळतो तशी. नर्सनंही पाहिलं. शोन म्हणते, पुरे कर गं बाई. मला भीती वाटतेय. पण थांबू कशी?

१९ जानेवारी
नवी वाहिनी गर्भाशयातली वार ओलांडून थेट बाळाच्या काळजात. बुजवली तर बाळ जाईल. नाही बुजवली तर मिलुश्का — तिचं सगळं रक्त तिकडेच चाललंय. बाळाला तरी वाचवशील ना, विचारत होती. हो म्हटलं. खोटं बोलले.

२० जानेवारी
नळी घातली. बुजवायचा धीर झाला नाही. काढायला गेले — निघेना. नळीच्या बाजूनं काहीतरी — हातमोजा फाटला —

डाव्या हातानं लिहितेय. उजव्या मनगटात शिरलीय ती वाहिनी. तिघांचे ठोके एकच. मिलुश्का शुद्धीवर नाही. शोननं कात्री आणलीय. तिला तिची मुलगी हवीय. आणि मला — देवा, मलाही जगायचंय. सांगतेय, कापलंस तर आधी बाळ, मग — ऐकत नाही. शोन, थांब, निदान आधी बाळाला बाहेर —