टांगलेल्या साड्या आणि कानबाईचा रोट

२१ जुलै १९९७
आज मी बसते त्या एसटीडी बूथवर एक दाढीवाला आला. वडोदऱ्याला फोन लावून ‘अवकाश, अवकाश’ करत बसला. मला वाटलं, प्लॉट बघतोय. नाही — कलाकार निघाला! नितीन नाव, मूळ नागपूरचा. पंधरा ऑगस्टला सुरतेत नव्या कलेचा महोत्सव आहे, उधन्याच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये. तिथे हा आमच्या लिंबायतच्या बायकांच्या जुन्या साड्या छतापासून टांगणार. म्हटलं, त्याला महोत्सव कशाला? आमच्या गॅलरीत रोज असतो. हसला. दात बरे आहेत.

२४ जुलै
त्याला बायका दारातूनच ‘काही घ्यायचं नाही’ म्हणून वाटेला लावतात. म्हणून मी सोबत फिरले. अख्ख्या गल्लीला सांगितलं — बाई, तुझी साडी मोठमोठे लोक बघायला येणार. हे सांगितलं तिथेच घोळ झाला.

२८ जुलै
साड्या आल्या. हसून हसून पोट दुखलं. त्याला हव्या होत्या विरलेल्या, हळदीच्या डागांच्या, घामाच्या. आल्या त्या धुतलेल्या, खळ घातलेल्या, कडक इस्त्रीच्या. शेजारच्या पुष्पाबाईने तर आहेरात आलेली कोरी दिली, स्टिकरसकट. ‘चारचौघांत टांगायची आणि फाटकी देऊ? माझा मालक साडीच्याच खात्यात लूमवर आहे, त्याची काय इज्जत राहील?’
नितीन डोकं धरून बसला. ‘यांच्यात जगणं कुठे आहे?’ म्हटलं, आता तूच रोज एकेक नेस आणि घाम गाळ.

३ ऑगस्ट
गोडाऊनमध्ये साड्यांना दोऱ्या बांधत होतो. तो शिडीवर, मी खाली. वरूनच म्हणाला, ‘वडोदऱ्याला शाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी लागतेय. येशील?’ म्हटलं, ड्रॉइंग शिकायला? म्हणाला, ‘नाही गं. लग्न करून.’
हातातली दोरी सुटली. पुष्पाबाईची कोरी साडी धप्पकन् डोक्यावर पडली. बरं झालं, तोंड झाकलं गेलं. आतून हो म्हणाले. त्याला ऐकू गेलं असावं, कारण तो शिडीवरून उतरायचंच विसरला.

५ ऑगस्ट
आईला कळलं. कसं, ते विचारायचं नाही, लिंबायत आहे. ‘हाऊ पोऱ्या कोना शे?’ कोणाचा, म्हणजे कुठल्या जातीचा. म्हटलं, नागपूरना. आई म्हणे, ‘नागपूर काय जात शे?’ आप्पा मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिले.
पळून जायचं नाही मला. नितीनलाही सांगितलं. आमच्या दारातून, सगळ्यांसमोर जायचं आहे. तो म्हणाला, ‘मग आईला पटवावं लागेल.’ याला अजून माझी आई, उषाबाई, माहीत नाही.

१० ऑगस्ट, रविवार
कानबाई, आमची खानदेशी देवी, घरात बसली. नारळाला नथ, डोळे, शालू — नितीन बघतच राहिला. म्हणे, ‘आमच्या महोत्सवात असं एकही काम नाही.’ आईनेच बोलावलं होतं त्याला. मी येडी, खूश! वाटलं, विरघळली.
पंगत बसली. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. आणि मग आईने स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात रोट वाढला. कानबाईचा रोट! हा प्रसाद फक्त एका कुळाच्या भाऊबंदांनी खायचा असतो, परक्याला काय, लग्न करून दिलेल्या लेकीलाही तुकडा देत नाहीत. पुष्पाबाईची फुगडी थांबली. ‘अशानं कोप होईल गं,’ म्हणाली. आई म्हणे, ‘कानबाईला विचारून घेतलंय.’ नितीनने दूध-तुपाशी मिटक्या मारत खाल्ला, वर आणखी मागितला. त्याला वाटलं, केवढा मान!
स्वयंपाकघरात आईने मला गाठलं. शांतपणे म्हणाली, ‘आते तो आपला भाऊबंद व्हयना. तुना भाऊ.’ झाला, म्हणे, माझा भाऊ!
बायका शेवटी जेवतात. मी रोटाला हातही लावला नाही. पोट दुखतंय सांगून उठले. रडले. आईचा इतका राग कधीच आला नव्हता, आणि डोकं तिचंच चाललं हेही कबूल.

११ ऑगस्ट
तापीवर कानबाई बोळवून आलो. नितीनला बूथवर सगळं सांगितलं. हा हसत सुटला. ‘रोट खाऊन भाऊ? मग पेढा खाऊन जावई होता येतं का?’ मी हसले नाही. मी देव फार मानते अशातला भाग नाही. पण गल्ली मानते. आता लग्नाचं नाव काढलं की लोक म्हणतील, भावाशी?

१३ ऑगस्ट
आईने राखी आणली. पौर्णिमेला नितीनला जेवायलाही बोलावलंय. वर म्हणते, भारी आणली, कलाकार माणूस आहे.

१५ ऑगस्ट
उद्घाटन. पाहुणे मान वर करून फिरत होते, गंभीर तोंडाने. आमच्या बायका आल्या आणि आपापली साडी शोधत सुटल्या. ‘माझी उलटी टांगली!’ ‘हिची बघ पुढं, माझी मागं का?’ पुष्पाबाई एका खादीवाल्या पाहुण्याला दटावत होती, हात नका लावू, कोरी आहे. सगळ्यांत जास्त गर्दी आमच्याच साड्यांखाली. आप्पासुद्धा आले होते. वरची साडी बघितली, खालची ‘हातमाग’ अशी पाटी वाचली. मग नितीनजवळ जाऊन म्हणाले, ‘हातमाग नाही, लूमवरची आहे ती. पाटी बदला.’ घरात त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.
नितीनला राखीचं सांगितलं. म्हणाला, ‘मी आलो नाही तर?’ म्हटलं, ये. मी विचार करतेय.

१७ ऑगस्ट
उद्या पौर्णिमा. त्याआधी रोट संपवायचा असतो, घरातल्या प्रत्येकाने खाऊन. आईने उरलेला तुकडा माझ्यासमोर धरला. ‘खाई ले. रविवारपासून टाळी राहिनी तू.’
म्हटलं, मला चालत नाही. दिलेल्या पोरीला माहेरचा रोट चालत नाही, तूच शिकवलंस. तो घरात आला, मी घरातून गेले. आता भाऊ कसला?
आई म्हणे, ‘कोनी दिधी तुले?’
म्हटलं, मीच.
आप्पांनी आईच्या हातातला माझ्या वाट्याचा तुकडा घेतला आणि खाऊन टाकला.