खोकला ऐकणारी पेटी

प्रिय प्रिस्किला,

तुमच्या इंजिनिअरिंग विभागानं त्या पेटीच्या संशोधनासाठी तुझा सत्कार केला, तो फोटो पाहिला. हडकुळी दिसतेस. अभिमान वाटला आणि लगेच रडूही आलं.

तू पेटी आपल्या शेडमध्ये टांगलीस तेव्हा बाबांनी तुझी किती थट्टा केली! कोंबड्यांचा खोकला ऐकायला म्हणे विद्यापीठ लागतं. पण आठवडाभरात तिला 'आपली धाकटी' म्हणायला लागले. इथला आवाज थेट तुझ्या प्रयोगशाळेत जातो, हे तू समजावल्यापासून मजुरांना तिच्यासमोर शिव्याही देऊ देईनात.

मग पेटीनं रोगाचा इशारा दिला. कोंबड्या तर ठणठणीत दिसत होत्या. शेजारच्या शेडवाले नवलभाऊ म्हणाले, गप राहा, माल सुरतेला जाऊ दे. बाबांनी ऐकलं नाही, जनावरांच्या दवाखान्यात स्वतः जाऊन कळवलं. तपासणीत रोग निघाला. आपल्याच नाही, आजूबाजूच्या सगळ्या शेडमधल्या कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या. नवलभाऊ भर बाजारात बाबांना म्हणाले, "जोसेफभाऊ, तुन्ही पोरनी पेटीनी आम्हले बुडाई टाकं." पेटी खोटं बोलली असती तर मीच दगडानं फोडली असती. खरं बोलली, आता राग कुणावर काढू?

यंदा नाताळची गाणारी मंडळी आपल्या दारावरून तशीच पुढं गेली. मी करंज्यांचं ताट घेऊन उभी होते. बाबांनी मला आत बोलावून कडी लावायला सांगितली. तेव्हापासून ते कुणाशी बोलत नाहीत, माझ्याशीही नाही. तुझा फोन आला की हातानंच नको म्हणतात, आणि तूही दुसऱ्यांदा विचारत नाहीस. तुला अपराधी वाटतं, कळतं गं मला.

शेड रिकामी आहे, पण पेटी अजून चालू आहे. रोज सकाळी बाबा तिच्याखाली खाट टाकून बसतात. काल मी दाराआडून ऐकलं. ते तुझ्याशी बोलत होते. पोरी, तुझं काही चुकलं नाही, मला मात्र आता बाजारात जायची भीती वाटते, असं म्हणत रडत होते. तू ऐकतेस, असंच त्यांना वाटतं. रिकाम्या शेडचा आवाज तिकडे कोण ऐकत बसणार! म्हणून लिहितेय. तिकडे साठलेलं ते सगळं काढून ऐक. पण पेटी इकडचं तिकडे नेते, तिकडचं इकडे आणत नाही. उत्तर द्यायला तुलाच यावं लागेल.

तुझीच, वाट पाहणारी,
आई